जुळलं

घरात त्याला घार म्हणत. विसाव्या वर्षापासून तो उंचावर बसून खाली बघत आला होता. बांधकामावरची मोठी क्रेन, तिच्या माथ्यावर काचेची एक खोली, खोलीत एक खुर्ची, दोन दांडे, पाण्याची बाटली आणि हा. खाली उतरला की जमिनीवर त्याचा जीव रमत नसे. लहानपणी घोटा मोडून वाकडा बसला होता, त्यामुळे त्याची चालही सगळ्यांहून वेगळी. दोन पावलं भरभर, मग थोडा थांबा, मग एक पाऊल. जिन्यावर ती पावलं वाजली की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आला दीड पायाचा घोडा." आणि पान वाढायला घ्यायची.

चौदा महिन्यांपूर्वी कामावरच्या जेवणघरात त्याला पहिला झटका आला. आधी डाव्या हाताचा अंगठा ताटावर वाजायला लागला. टण, टण, टण. शेजारी बसलेला हसून म्हणाला, "काय रे, गाणं सुचलंय का?" तेवढ्यात ताट उडालं आणि घार बाकाखाली गेला. बरं, जमिनीवर होता. पण हे 'बरं' आईच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. पोरगा तेव्हा वर असता तर, हे वाक्य ती अर्धंच म्हणायची आणि पदराने ओटा पुसायला लागायची.

तेव्हापासून घार सामानाच्या कोठीत खिळे मोजत होता. गोळ्या चालू होत्या, झटका परत आला नव्हता. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली आणि वर चढायला हरकत नाही म्हणून कागदही दिला. मुकादमाने तो कागद खिशात घातला आणि विचारलं, "मग कधी चढतोस?"

आई मध्ये आडवी आली. "डॉक्टर काय, दर दहा मिनिटांनी नवं डोकं बघतो. आपल्या घरात एक जण आठ महिने एकच डोकं बघतोय. थोरली सांगेल तेव्हा चढायचं. माझ्या गळ्याला हात लाव."

घारीने हात लावला. थोरलीकडे वळून म्हणाला, "ताई, आता तूच माझी मुकादम. लवकर जुळव बाई तुझं ते."

थोरली त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. मेंदूच्या पेशींची गणितं करणं हे तिचं काम. डोक्यातली प्रत्येक पेशी थेंबाथेंबाने भरत जाते, काठोकाठ भरली की ठिणगी सोडते, आणि त्या ठिणगीने शेजारच्या पेशी थोड्या थोड्या भरतात. असल्या आठशे पेशी तिने कॉम्प्युटरात मांडल्या होत्या. डॉक्टरांच्या परवानगीने घारीच्या डोक्याचे आलेख मिळवले होते आणि त्या आठशे पेशींचा आलेख भावाच्या आलेखासारखा यावा म्हणून आठ महिने झगडत होती.

आईला तिने हे एकदा समजावलं होतं. झटका म्हणजे काय, तर सगळ्या पेशी एकाच वेळी ठिणगी सोडायला लागतात.

"म्हणजे एकजुटीने वागतात," आई म्हणाली. "मग वाईट काय? आपल्या घरात एकदा तरी तसं होऊ दे."

"आई, बाजारात गलबला असतो ना? जो तो आपापलं बोलत असतो, तोवर बाजार चालू असतो. सगळा बाजार एकदम एकच शब्द ओरडायला लागला तर?"

आईने हातातली पळी खाली ठेवली. "मग कुठेतरी आग लागली असेल," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

प्रयोगशाळेत थोरलीच्या जोडीला दशांश होता. जन्मभर विजेची यंत्रं दुरुस्त करून आता इथे चिकटलेला. तिसऱ्या दशांशस्थळावरून भांडतो म्हणून हे नाव. त्यानेच कॉम्प्युटरला एक जुना भोंगा जोडला होता. पेशीने ठिणगी सोडली की भोंग्यातून बारीक 'टिक' यायची. आठशे पेशींचा मिळून तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. "डोळे थकतात, बाईसाहेब," तो म्हणायचा, "कान थकत नाहीत."

त्या दोघांत दोन शब्द ठरलेले होते. कॉम्प्युटरचा आलेख घारीच्या आलेखाबरहुकूम आला, तर 'जुळलं'. पेशी एकाच तालात ठिणग्या सोडायला लागल्या, तर 'एकवटलं'. एक शब्द आनंदाचा, एक भीतीचा. वहीत ते कधी चुकून एकमेकांच्या जागी पडले नव्हते. पण हे दोन शब्द प्रयोगशाळेच्या दाराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. घरी 'जुळलं' हा एकच शब्द गेला होता, आणि घरच्यांनी त्याला आपल्याला हवा तो अर्थ लावला होता: आता चढायला हरकत नाही.

त्या सकाळी थोरलीला आठ महिन्यांची चूक सापडली. एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो तिने सगळ्यांना सारखाच धरला होता. शेजारणीला निरोप पोचायला जेवढा वेळ, तेवढाच पार पलीकडच्या टोकाला. तिने तो अंतराप्रमाणे वेगवेगळा केला आणि गणित सुरू केलं. अकराच्या सुमाराला पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक घारीची आणि एक कॉम्प्युटरची. बारीक थरथर, मधला खळगा, डाव्या कानामागच्या भागातला तो आडमुठा उंचवटा, सगळं एकावर एक बसलं.

दशांश चष्मा वर करून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला. "तिसऱ्या स्थळापर्यंत बरोबर आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

 थोरलीने फोन उचलला आणि भावाला एका शब्दाचा निरोप धाडला. जुळलं.

लगेच उत्तर आलं. "जियो ताई! चढतो."

ती हसली. मग ते उत्तर तिने परत वाचलं. चढतो? आज?  पण डॉक्टरांचा कागद होताच, वर्षभर झटका नव्हता, आणि आठ महिन्यांनी आलेलं हसू इतक्यात पुसायला मन होईना. ती म्हणाली, "दशांशराव, आता याला पुढे पळवू या. आजवर आपण जे होऊन गेलं तेच गिरवत होतो. आता होणार काय ते बघू. गोळी अर्धी धरा."

"अर्धी म्हणजे शून्य पूर्णांक पाच, की डॉक्टर अर्धी म्हणतात ती?"

"चालू करा हो!"

भोंगा तडतडायला लागला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दूरवरच्या क्रेनचा लांब हात दिसायचा. चौदा महिने तो कुणा परक्याच्या हाताने, अडखळत फिरत आला होता. थोरली तिकडे बघत होती. हात थांबला. बराच वेळ थांबलेलाच राहिला, माणूस बदलायला लागतो तेवढा वेळ. मग हलला, आणि अलगद, एका दमात, पाण्यावरून होडी जावी तसा फिरला. घार वर पोचला होता.

तेव्हाच तिच्या कानाला काहीतरी खटकलं.

मोहरीची तडतड बदलत होती. मधेमधे चार 'टिक' एकत्र पडत, मग दहा. दशांशही चहाचा पेला हातात धरून थबकला. तडतडीच्या पोटातून एक ठोका वर येत होता. आधी पुसट, मग ठळक. आणि मग तडतड संपलीच. आठशे पेशी एका तोंडाने बोलत होत्या. टण. टण. टण.

"एकवटलं," दशांश हलक्या आवाजात म्हणाला.

"परत लावा."

त्याने परत लावलं. आकडे थोडे हलवून लावलं. पाच वेळा लावलं. कधी लवकर, कधी उशिरा, पण पाचही वेळा मोहरी संपली आणि तोच ठोका उरला. पूर्ण गोळीवर लावलं, तेव्हा मात्र तडतड शेवटपर्यंत तशीच राहिली.

"आजच होईल असं काही नाही," दशांश म्हणाला. "दिवस सांगणं याच्या आवाक्यात नाही, बाईसाहेब. उद्या, सहा महिन्यांनी..."

"पण होणार."

 चुकीचं गणित असतं तर दशांशने एव्हाना शंभर शंका काढल्या असत्या. हे गणित तिसऱ्या स्थळापर्यंत भावाचं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. वर जाणाऱ्याने फोन खाली पेटीत ठेवायचा हा तिथला नियम. पेटीतच वाजत असणार. मुकादमाचा नंबर तिच्याकडे नव्हता. ती पर्स तशीच टाकून धावत सुटली.

पंधरा मिनिटांचा रस्ता. भर दुपारी लोक आपापल्या कामाने चालले होते, कोणी रमतगमत, कोणी घाईने, आणि तिला पहिल्यांदाच त्या विस्कळीत पावलांचा हेवा वाटला. दवाखान्याच्या कोपऱ्यावर सिग्नल सुटला आणि थांबलेले सगळे एकदम निघाले. ती आणखी जोरात धावायला लागली.

फाटकावर मुकादमाने अडवलं. "बाई, टोपी घाला आधी."

"त्याला उतरवा. आत्ता."

"का हो? वर्षभराने चढलाय. बघा, कसा फिरवतोय, लोण्यातून सुरी!"

"मी त्याची बहीण. त्याला झटका येणार आहे."

मुकादमाचं हसू मावळलं. त्याने क्रेनला खालून खुणा करणाऱ्या इशारेवाल्याला हाक मारली. इशारेवाल्याने हात केले, हातातल्या बिनतारी यंत्रातून दोन शब्द बोलला. वर लोंबकळणारं लोखंड हळूहळू खाली आलं आणि जमिनीवर टेकलं. तिथे थोरलीने पहिला श्वास घेतला.

घार शिडीवर दिसला. कमरेच्या पट्ट्याला दोन हूक. एक अडकवायचा, दोन पायऱ्या उतरायचं, दुसरा अडकवायचा, मग पहिला सोडायचा, अशी रीत. पण उतरताना हूक लावणं हे त्याच्या लेखी बायकी काम. दोन्ही हूक डाव्या मुठीत धरून तो नुसताच उतरत होता. थोरलीने शिडीच्या लोखंडाला हात लावला. त्याची पावलं तिला हातात ऐकू येत होती. दोन भरभर, थांबा, एक. दोन भरभर, थांबा, एक. दीड पायाचा घोडा.

"हूक लाव!" ती ओरडली.

तो खाली वाकून हसला. "काय गं ताई, जुळलं म्हणालीस ना? आता उतरवतेस होय! मुकादमबाई झालीस की गं!"

"आईची शपथ आहे, हूक लाव!"

"बरं बाई," तो म्हणाला, आणि तिला चिडवायला म्हणून, मोठ्या ऐटीत, एक हूक पायरीला अडकवला. खट.

तो जमिनीपासून पंधरा-वीस पायऱ्या वर होता. तिने मान खाली घातली, रडू दिसू नये म्हणून. हाताखालचं लोखंड वाजत होतं. वाजत राहिलं. आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की त्यात थांबा नाही.

टण. टण. टण.

तिने वर पाहिलं. त्याचे पाय एका पायरीवर थांबलेले होते. डाव्या हातातला दुसरा हूक शिडीच्या दांड्यावर आपटत होता, एकसारखा, आणि त्याची नजर तिच्या डोक्यावरून पार कुठेतरी गेली होती. मग उजव्या हाताची पकड सुटली.

पट्टा ताठ झाला. पायरी करकरली, पण हूक सुटला नाही. घार हवेत आडवा लोंबकळत थडथडत राहिला. मुकादम आणि इशारेवाला शिडीवर चढले, दोघांनी मिळून त्याला छातीशी धरलं, आणि ठोके थांबेपर्यंत धरून ठेवलं. मग एकेक पायरी खाली आणलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. तोंडाशी फेस, ओठ चावलेला. डोकं बहिणीच्या मांडीवर. त्याला आधी ती ओळखू आली, मग तिच्यामागे उभी असलेली क्रेन.

"ताई," तो जड जिभेने म्हणाला, "तू तर म्हणालीस... जुळलं."

तिने त्याचा ओठ पदराने टिपला. तिच्या मुठीत फोन थरथरत होता. पडद्यावर दशांशचा निरोप होता. गणित अजून चालूच आहे. पुढचं बघायचं का?

"हो रे," ती म्हणाली. "जुळलं."