कपड्याच्या टेपने मोजलेलं घर

मी शिवणकामाची टेप बोलतेय. खटकन डबीत जाणारी लोखंडी ती गवंड्याची, तिच्याशी माझी गल्लत करू नका. मी मऊ, पिवळी, साठ इंची. कारखान्यातून निघाले तेव्हा ताठ होते. आमच्या बाईच्या गळ्यात पडले आणि घामाने नरम झाले. गल्लीतल्या कुणाची कंबर किती वाढली ते मला विचारा.

बाई कपडे शिवते. मशीन मागच्या बोळात, तिथे दिवसासुद्धा दिवा लागतो. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, मग सुई बोटात. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. यंदा घर दुरुस्तीला काढलं तेव्हा तिने एकच सांगितलं, "मला खिडकीपाशी मशीन पाहिजे. बाकी तुम्हाला काय तो ताजमहाल बांधायचा तो बांधा."

गवंडी म्हणाला, "वहिनी, आधी नकाशा दाखवा, मग भिंतीला हात लावतो." मुलीने लॅपटॉप उघडला. घराचे नकाशे काढायची सॉफ्टवेअरं म्हणे ढिगाने असतात.

पहिलं फार देखणं. घर गोल फिरायचं, खिडकीतून ऊनसुद्धा पडायचं. मुलीने दोन तास खपून सगळं मांडलं आणि ते जपून ठेवायला गेली, तर दर महिन्याला पैसे भरा. बाई म्हणाली, "घर एकदा दुरुस्त करायचंय. दर महिन्याला कसले?"

दुसरं फुकट. त्यात पोहायचा तलाव होता, पियानो होता, शिलाई मशीन तेवढं नव्हतं. मुलीने मशीनच्या जागी पियानो ठेवला. नवरा वाकून बघत म्हणाला, "हा कोण वाजवणार?"

"मी," बाई म्हणाली. "पायाने."

तिसरं अगदी साधं. पैसे एकदाच, तेही एका शर्टाच्या शिलाईइतके. फिरणं-बिरणं काही नाही. चौकोन काढा, माप घाला, वस्तू ठेवा. वस्तू मावली नाही की ती लाल व्हायची. बाईला ते पटलं. "तोंडावर सांगतंय. हेच घे."

मग भिंत मोजायला मला गळ्यातून काढलं. बारा फुटांची भिंत, मी तीनदा लागले. बाई माप सांगणार, मुलगी लिहिणार. माझ्या अंगावर साठ, बाई म्हणाली बासष्ट. पुन्हा साठ, पुन्हा बासष्ट. शेवटी उरले चोवीस, तर ती म्हणाली सव्वीस. शिवणीसाठी दोन इंच जास्त धरायची तिची जन्माची सवय, ती भिंतीलाही लागली. मी काय बोंब मारणार? टेपचं कोण ऐकतं?

नकाशात सगळं चपखल बसलं. खिडकीखाली मशीन आणि कापायचं टेबल, शेजारी नवऱ्याचा सात फुटी सोफा. काहीच लाल नाही. बाई दिवसभर गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने आपली लोखंडी टेप ताणली. "वहिनी, सहा इंच कमी भरतंय."

मुलीने खरं माप घातलं. मशीन लालभडक.

"आई, तू जास्त धरलंस?"

"धरणारच. उद्या घट्ट झालं तर?"

"भिंत जेवून फुगत नाही, आई."

सोफ्यावरून नवरा म्हणाला, "मग राहू दे मशीन बोळातच. इतकी वर्षं चाललंच ना?"

गवंडी छताकडे बघायला लागला. बाईने मला उचललं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "उठा."

तिने सोफ्याचा हात मोजला. नऊ इंच. ह्या वेळी तिने नऊच सांगितले. मुलीने सोफ्यातून नऊ इंच काढले आणि मशीनचं लाल गेलं.

"सुताराला बोलवा. हा हात कापायचा."

"अगं, मग मी कोपर कुठे टेकू?"

"पोटावर टेका. तिथे जागा आहे, मी मोजलीये."

आता मशीन खिडकीपाशी आहे. नवरा कोपर पोटावर ठेवून पेपर वाचतो, तक्रार नाही. झळ बसली ती मला. खिडकीच्या दांडीला टांगून टांगून उन्हाने माझे आकडे उडाले, एक ते सात दिसतच नाहीत. बाई नवी टेप आणणार आहे. आणू दे. त्या नवीला माझं एवढंच सांगणं: पोरी, बाई सांगेल त्या मापावर विश्वास ठेवू नकोस. पण तिने एखाद्याला "उठा" म्हटलं, की गुपचूप सरळ हो आणि खरा आकडा दाखव.