हंसाच्या होडीचं लाल शीड

मी पुठ्ठा बोलतोय. हसू नका. नव्या धोतरजोडीची घडी मोडू नये म्हणून दुकानदारानं मला आत सरकवलं, एवढंच माझं कूळ. जगन्नाथरावांनी धोतरं काढून घेतली आणि मला अंगणात भिरकावलं. सांडोरच्या त्या घरात मला उचलून, पदरानं पुसून ठेवणारं माणूस एकच निघालं. त्यांची सून रुक्मिणी.

तिचा नवरा गुरुदत्त विषमज्वरानं गेला, त्याला चार वर्षं झाली. ती तेव्हा वीसची. घरात तिचा छळ होतो असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोला? पण तिच्याशी बोलतं कोण? "केळी वाळत घातलीस का?" आणि "दिवा लावलास का?", एवढ्या दोन वाक्यांवर तिचा अख्खा दिवस निघतो.

बोलणारी एकच होती, कुंपणापलीकडची पॉलिन. दोघींनी मिळून हंसाला जन्माला घातलं. हंसा म्हणजे एकटीच होडी घेऊन वसईच्या खाडीतून बाहेर पडलेली मुलगी. रुक्मिणी चित्रं काढायची, खाली दोन ओळी लिहायची, आणि सोळा पानं झाली की दोऱ्यानं शिवायची. मुखपृष्ठ मात्र सगळ्यात शेवटी. हंसा कुठं पोचली हे कळल्याशिवाय वर काय काढणार?

पिवळा हळदीचा, काळा काजळाचा, हिरवा पानांच्या रसाचा. लाल रंगाचं तेवढं अडायचं. देवघरात कुंकवाचा करंडा होता, पण त्याला रुक्मिणी हात लावत नसे. 'लावू नकोस' असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही, हीच तर गंमत आहे माणसांची. म्हणून पॉलिन आपल्या मास्तर भावाच्या, फर्डिनंडच्या, दौतीतून लाल शाई आणायची आणि हंसाचं शीड लाल व्हायचं.

मग पॉलिनचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर नैरोबीला निघाली. तोवर झालेली सहाही पुस्तकं तिनं ट्रंकेत घातली.

"सातवं पाठव गो रुक्मी," ती म्हणाली. "आणि शीड लाल हवं. नाहीतर ती आपली हंसा नव्हेच."

सातवं पुस्तक मी, म्हणजे त्याचं मुखपृष्ठ. सोळा पानं वर्षभरात झाली, माझ्यावर समुद्र आला, होडी आली, पिवळ्या लुगड्यातली हंसा आली. शीड कोरं राहिलं. फर्डिनंड अजून शेजारीच होता, पण परक्या पुरुषाकडे शाई मागायला ती कुठल्या तोंडानं जाणार? मी फडताळात पडून राहिलो. ती मधूनच मला काढायची, बघायची, परत ठेवायची. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. फार एकटं वाटायचं मला, आणि तिला तर माझ्याहून जास्त.

परवा पॉलिनची आई सालोमीबाय कुंपणाशी आली. "माझा भाचा थॉमस तीन दिवसांनी नैरोबीला निघतोय. पॉलिनला सुकेळी धाडतेय. तुझं काही द्यायचंय का? परत कधी कोण जाईल, देव जाणे."

त्या दुपारी सासूबाई निजल्यावर रुक्मिणी देवघरात गेली. तिनं करंडा उघडला. चिमूटभर कुंकू, दोन थेंब पाणी, शेवग्याचा डिंक. शीड मोठं, म्हणून काडी टाकून ती बोटानंच भरू लागली.

दारात सावित्रीबाई, तिच्या सासूबाई, उभ्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रुक्मिणीनं हात पदराखाली लपवला. मला वाटलं, संपलं. आता चुलीत.

त्या खाली बसल्या. मला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, बराच वेळ धरलं.

"वरचा कोपरा राहिलाय," त्या म्हणाल्या. "तेवढा भर. मग हात धू, हे यायच्या आत."

करंडा त्यांनीच पुढे सरकवला. रुक्मिणी कोपरा भरताना रडत होती, आणि हे लपवण्यासारखं नाही, मीही भिजलो.

आता मी थॉमसच्या ट्रंकेत आहे, सुकेळ्यांच्या पुडक्याखाली. उद्या आगबोट. इथं अंधार आहे आणि गोड वास आहे.

पॉलिन, मला उघडशील तेव्हा आधी खालचा डावा कोपरा बघ. तिथं लाल बोट उमटलंय. शीड भरून झाल्यावर बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. ती आरशाकडे बघत राहिली, मग ते तिनं माझ्यावर टेकवलं आणि हात धुतला. डाग समजून पुसू नकोस. आणि लगेच पत्र टाक, आठव्यात हंसा कुठं जाते ते विचार. तिथं तिला विचारणारं दुसरं कुणी नाही.