नेट माझ्यामुळे गेलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे आणि मी चालतो. दुसरी गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण या घरात ती कोणी मान्य करत नाही. सध्या मी दिवाणखान्यातल्या कपाटाच्या डोक्यावर पडलोय, माझीच तार माझ्या अंगाभोवती गुंडाळलेली. खाली माझ्या जागेवर नवा राऊटर बसलाय. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला अजून हे घर कळायचंय.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब टेबलावर बायकांनी मला जोडलं, तपासलं, पोटाखाली कागद चिकटवला, त्यावर माझा जन्माचा पासवर्ड छापला आणि खोक्यात बसवलं. दुकानातून मी थेट या घरी आलो. कंपनीचा माणूस मला भिंतीतल्या तारेला जोडून गेला आणि माझा हिरवा दिवा लागला. काय ते कौतुक! वहिनींनी मला फडक्यानं पुसलं. दादांची लेक, जिला सगळे बडबडी म्हणतात, तिनं माझ्यासोबत फोटोसुद्धा काढला. घरातले कर्ते म्हणून दादांनी माझा जन्माचा पासवर्ड बदलला आणि नवे दोन केले. एक नेट वापरायचा, तो सगळ्यांना दिला. दुसरा माझ्या आतल्या सेटिंगचा. तो स्वतःजवळ ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तेव्हा नवा होतो.

मी राबलो, मित्रांनो. दादांची ऑफिसची कामं, वहिनींच्या मालिका, बडबडीचे क्लास, सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. कौतुक लवकरच संपलं. माझ्यासमोर पितळेची मोठी कुंडी आली. मी तिच्याआडून सिग्नल पाठवायचा आणि आतल्या खोलीत तो कमी पोचला की शिव्या मी खायच्या. चित्र जरा अडकलं की दादा यायचे, प्लग उपटायचे, थोडं थांबून परत लावायचे. वर एक थापड. थापडेनं राऊटर सुधारतो असं यांना कोणी शिकवलं, देव जाणे.

तेही मी सोसलं. सोसवलं नाही ते पुढचं.

आतल्या खोलीत आजोबा असतात. अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं आत्या करायची, म्हणजे दादांची धाकटी बहीण. आत्या पूर्वी एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. आजोबा पडले आणि तिला कोणी काही विचारायच्या आधीच सगळ्यांनी ठरवून टाकलं की नोकरी आत्याच सोडणार. तिनं सोडली. आजोबांना आंघोळ, औषध, कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. दादा रोज दारातून विचारायचे, "काय बाबा, बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत निघून जायचे.

एक दिवस आत्याला दुसऱ्या शहरातून फोन आला. तिथल्या मोठ्या ग्रंथालयाला जुने कागद सांधणारं माणूस हवं होतं. मुलाखत व्हिडिओवर होणार होती, कारण ग्रंथपाल बाईंना तिचे हात काम करताना पाहायचे होते. आत्याचा आवाज असा उजळलेला मी कधी ऐकला नव्हता. दादांनीही ऐकला. ते दारात उभे होते.

दुपारी दादांनी लॅपटॉप उघडला आणि ते माझ्या आत शिरले. माझ्यात एक सोय आहे. लहान मुलांनी अभ्यासाच्या वेळी खेळत बसू नये म्हणून आईबापांना त्यांच्या फोनचं नेट बंद ठेवता येतं. दादांनी त्या सोयीत आत्याचा फोन घातला. चाळिशी ओलांडलेली बाई, बापाचं दुखणं एकटीनं ओढणारी, आणि भावानं तिला पोरांत बसवलं! मी वस्तू आहे. मला 'नाही' म्हणायला तोंड दिलेलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि आत्याची वाट माझ्याच अंगातून बंद झाली.

मुलाखतीच्या वेळी आत्या आजोबांच्या खाटेशेजारी बसली. या घरात मोबाइलची रेंज नावालाच, आणि आजोबांना सोडून बाहेर जाता येत नव्हतं. तिनं समोर ब्रश, खळ आणि एक फाटकं पान मांडलं. फोनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. फिरतंच राहिलं.

"दादा, नेट नाही रे!"

दादा धावत आले. काय धावले! असे कधी बापासाठी धावले नाहीत. माझा प्लग उपटला, लावला, माझे दोन्ही अँटेना पिरगाळले.

"हे डबडंच बाद झालंय," ते म्हणाले.

"बाबा, माझं चालू आहे की," बडबडी म्हणाली.

"तुझा फोन नवा आहे. हिचा फोनही डबडं आणि हे पण डबडं. मी कंपनीत तक्रार करतो."

तक्रार त्यांनी केली नाही. फोन कानाला लावून गॅलरीत नुसते येरझाऱ्या घालत होते. माझ्यासमोर.

ग्रंथपाल बाई भल्या निघाल्या. त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी एक वेळ दिली. पण "यापुढे नाही जमणार हं," असंही सांगितलं. म्हणजे आता एकच संधी होती.

आत्या आठवडाभर हातावर हात ठेवून बसली नाही. ती पुस्तकं दुरुस्त करणारी बाई, पान कुठून सुटलंय ते आधी शोधायचं हे तिच्या हाताला ठाऊक होतं. आजोबा झोपले असताना ती आपला फोन घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. तिथल्या नेटवर फोन छान चालला. परत आली, बडबडीचा फोन आजोबांच्या खाटेवर ठेवून पाहिला. तोही छान चालला. म्हणजे फोन ठीक, मी ठीक, खोलीही ठीक. मग उरलं काय? ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी ती दादांसमोर येऊन उभी राहिली. "दादा, राऊटरच्या आतला पासवर्ड सांग."

"तो कशाला? विसरलो मी."

"फक्त माझाच फोन कसा बंद पडतो रे?"

"मला काय विचारतेस? त्या डबड्याला विचार."

"डबड्याला कोणी शिकवलं?"

दादा एकदम उसळले. "हो, मीच केलं! तू गेलीस तर बाबांकडे कोण बघणार? सांग ना!"

"तू. त्यांचा मुलगा आहेस. दिवसा एखादी बाई ठेवू, निम्मा पगार मी देईन. पण हे मला तोंडावर विचारायचं होतंस. गोल फिरवत बसवलंस मला."

"लोक काय म्हणतील..."

आतून आजोबांचा खरखरीत आवाज आला. "लोक येणारेत का मला उचलायला? मला पाणी द्यायला तुझे हात मोडलेत का रे? जाऊ दे तिला!"

बडबडी म्हणाली, "आत्या, माझा फोन घे ना. वेळ होतेय."

"आज तुझा घेईन, उद्या तुझाही बंद होईल," आत्या म्हणाली. तिनं मला उचललं, उलटं केलं आणि कागदाला लावायची पिन सरळ करून माझ्या पाठीतल्या बारीक भोकात खुपसली. माझे सगळे दिवे गेले. दादांचे पासवर्ड, दादांचं बटण, सगळं पुसलं गेलं. तिनं माझ्या पोटाखालचा कागद वाचला, मला नव्यानं सुरू केलं आणि स्वतःचा पासवर्ड घातला. कुंडी पायानं बाजूला सरकवली.

मग तासभर मी तिचे हात त्या दुसऱ्या शहरात पोचवले. एकदाही अडखळलो नाही. फाटक्या पानाच्या दोन कडा एकमेकींना भेटल्या तेव्हा पलीकडून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "कधी येताय?"

ती गेली. निघताना बापाच्या पाया पडली, बडबडीला मिठी मारली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिला मी दादांचाच हस्तक वाटलो असणार, आणि तिला तरी दोष काय देऊ?

दुसऱ्याच दिवशी दादांनी मला भिंतीतल्या तारेपासून ओरबाडलं. "घरभेदी साला," म्हणाले. मला! ज्यानं माझ्या पोटात शिरून स्वतःच्या बहिणीची वाट अडवली, तो मला घरभेदी म्हणाला, आणि वहिनींनी मान डोलावली. तेव्हापासून मी इथे कपाटावर आहे.

आत्या रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. बडबडी घरी असली की फोन आजोबांपुढे धरते आणि म्हाताऱ्याचा चेहरा फुलतो. काल बडबडी घरी नव्हती. दादांचा फोन टेबलावर थरथरला. आत्याचा फोटो दिसला. दादांनी फोन पालथा घातला.

"अरे, तिचा फोन आला का?" आजोबांनी आतून विचारलं.

"नेट गेलंय बाबा."

"परत?"

"राऊटरचं काही खरं नाही."

नव्या राऊटरचा दिवा हिरवागार होता. आजोबांच्या खाटेवरून तो दिसत नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसा, आमच्यापुढे कुंड्या ठेवू नका, थापडा मारू नका, एवढं कोणताही राऊटर सांगेल. मी त्याहून मोठं मागतोय. तुमच्या घरात कोणी 'नेट गेलंय' म्हणालं, की उठा आणि दिवा स्वतः बघून या. आणि घरात ज्याला उठता येत नाही, त्याच्यासाठी तर नक्की उठा.