दीक्षेची तारीख

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, समासात खूण करायची आणि पान परत पाठवायचं, हे गेली तेरा वर्षं चाललंय. त्यामुळे पप्पांच्या सेवेला पस्तीस वर्षं झाली म्हणून चर्चच्या मंडळीनं स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा ते काम आपसूक माझ्याच गळ्यात पडलं.

पप्पा आमच्या चर्चचे पाळक. आई गेल्यापासून ते चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटे राहतात आणि मी आणि नवरा दोन गल्ल्या सोडून. माझं लग्न त्यांनीच लावलं. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्यांनीच लावली, आणि त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मेही त्यांनीच दिले.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि खाली चार ओळी होत्या: जन्म, शिक्षण, दीक्षा, नेमणूक. तीन तारखा मिळाल्या. दीक्षेची, म्हणजे पाळकपदाचा अधिकार देणाऱ्या विधीची, मिळेना.

"पप्पा, दीक्षा कधी झाली तुमची?"

"नेमणूक झाली त्याच वर्षी. तुझ्या आईला पाठ असायच्या तारखा."

"महिना तरी सांगा."

"वर्ष टाक की नुसतं. कोण बघतंय."

मी बघत होते. बाकी तीन ओळींत तारीख, महिना, वर्ष आणि चौथीत नुसतं वर्ष, हे पान माझ्या हातून पुढे जाणं शक्य नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बस पकडली आणि आमच्या पंथाच्या मुख्य कार्यालयात गेले.

तिथल्या कारकूनबाईंनी दीक्षा नोंदवही काढून दिली. कापडी बांधणीची, मोठ्या आकाराची. पप्पांचं पान लगेच सापडलं. नाव होतं, चर्चचं नाव होतं, शाईनं लिहिलेली तारीखही होती. मी ती उतरवून घेतली, आणि सवयीनं पान खालपर्यंत वाचलं. खाली दीक्षा देणाऱ्या पाळकांच्या सह्यांसाठी तीन रकाने होते. तिन्ही रिकामे.

"राहून गेलं असेल," बाई म्हणाल्या.

मी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. सगळीकडे तीन-तीन सह्या. मग त्या वर्षीच्या कामकाजाची वही मागितली. त्याच तारखेला एक ओळ होती: "मतभेदामुळे दीक्षाविधी तहकूब." पुढची सहा वर्षं मी पानन् पान चाळली. तहकूब झालेला विधी पुन्हा कधी झाल्याची नोंद नव्हती.

बाईंनी पाणी आणून दिलं. परतीच्या बसमध्ये माझा स्टॉप मागे पडला आणि मला पत्ताच नाही.

पप्पा इस्त्री करत होते. रविवारच्या झग्यावर लावायची पांढरी गळपट्टी. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सह्या नाहीत पप्पा."

त्यांनी विचारलं नाही, कसल्या सह्या. इस्त्रीचं बटण बंद केलं, पट्टी नीट घडी करून ठेवली आणि खुर्चीत बसले.

"तिघं पाळक आले होते," ते म्हणाले. "आपला पंथ दोन जुन्या चर्चांना जोडून झालेला, तुला माहीत आहे. दोघांचं म्हणणं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवले की दीक्षा झाली. तिसरे म्हणाले, बिशपचा हात नसेल तर ती दीक्षाच नव्हे, मी सही करणार नाही. मागच्या खोलीत दीड तास भांडले. मी नवा झगा घालून दारात उभा. मग एकेक करून तिघंही निघून गेले."

"आणि तुम्ही?"

"चर्च भरलं होतं. चौदा महिने पाळक नव्हता, चौदा महिने प्रभुभोजन नव्हतं. एका म्हातारीला खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. मला झग्यात बघून सगळ्यांना वाटलं, झालं. मेजावर भाकर आणि प्याला तयार होता. मी दिला."

"सांगायचं होतं त्यांना."

"पुढच्या महिन्यात विधी होईल असं म्हणाले होते. झाला नाही. मग वर्ष गेलं. एवढ्या लोकांना भोजन दिल्यावर, बाप्तिस्मे दिल्यावर, कुठल्या तोंडानं विचारायला जाऊ, की माझी दीक्षा राहिली आहे?"

रडू येत नव्हतं, रागही धड येत नव्हता. अंगातून कोणीतरी सगळं काढून घेतल्यासारखं झालं होतं. कारण मला आठ वर्षांपूर्वीची सभा आठवत होती.

मी धर्मशास्त्र शिकले आहे. चार वर्षं, पदवीसकट. आठ वर्षांपूर्वी मी दीक्षेसाठी अर्ज केला. बाईला दीक्षा द्यावी की नाही यावर मंडळीत दोन तट पडले, आणि सगळे पप्पांच्या तोंडाकडे बघू लागले. पप्पा उठून म्हणाले होते, "दीक्षा म्हणजे हौस नव्हे. अधिकार नसताना त्या मेजाला हात लावणं ही चोरी आहे." त्यानंतर माझ्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. मी छापखान्यातलीच राहिले.

"चोरी म्हणाला होतात," मी म्हटलं.

"हो."

"माझ्याबद्दल."

"मला माहीत होतं ती कशी असते," पप्पा म्हणाले. "म्हणून तो शब्द आला."

मी चप्पल न घालताच घरी आले. नवरा इलेक्ट्रिशियन आहे, पंख्याची गुंडाळी सोडवत बसला होता. त्याला सांगितलं. हातातली तार तशीच धरून त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे आपलं लग्न?"

"कोर्टात नोंद आहे."

"अच्छा. मला वाटलं सुटलो."

मी हसले, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. त्यानं तार खाली ठेवली आणि माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसला.

कारकूनबाईंनी गोष्ट वर कळवली होती. तीन दिवसांनी विभागाचे अधीक्षक पप्पांकडे आले. मीही होते. मला वाटलं होतं, चौकशी होईल, निलंबन होईल. अधीक्षकांनी पिशवीतून तीच नोंदवही काढली.

"तिघांपैकी एक अजून आहेत," ते म्हणाले. "ब्याण्णव वर्षांचे. बिशपवरून भांडले होते तेच. मी फोन केला. म्हणतात, आता भांडायला कोणी उरलं नाही, आणा कागद, सही करतो. बाकी दोन रकान्यांत 'मयत' लिहू. तारीख आहेच."

"पण विधी झाला नाही ना," मी म्हटलं.

"ताई, पस्तीस वर्षांची सेवा आहे. हे बाहेर गेलं तर किती घरं हादरतील याचा विचार करा."

मी पप्पांकडे बघितलं. माझी खात्री होती ते नाही म्हणतील.

"चालेल," पप्पा म्हणाले.

नोंदवहीतले रिकामे रकाने बघून जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा त्या एका शब्दानं बसला. "ती तारीख मी छापणार नाही," एवढंच म्हणून मी बाहेर पडले.

शनिवारी दुपारी पप्पा छापखान्यात आले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी स्मरणिकेचं मुद्रित मागितलं. पहिल्या पानावर दीक्षेपुढे जागा कोरी होती आणि समासात माझी लाल खूण: "तारीख? खात्री करावी."

"हे माझ्यासाठी लिहिलंस?"

"नाही. कोणाचंही पान असतं तरी हेच लिहिलं असतं."

त्यांनी ती खूण पुन्हा वाचली. मग पान घडी करून खिशात घातलं आणि गेले.

रविवारी ते झगा न घालता आले. व्यासपीठावर चढलेच नाहीत, खालीच उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तिघांचं भांडण, मेजावरचा प्याला, अधीक्षकांची सूचना, आणि आपण तिला हो म्हणालो तेही. पाचेक मिनिटं लागली असतील.

पहिल्यांदा शिंपीकाका उठले. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतले सर्वांत जुने.

"झगा मी शिवला होता," ते म्हणाले. "नंतर दुसऱ्या झग्याचं माप घ्यायला आलो होतो, तेव्हा तरी सांगायचं."

एवढं बोलून ते खाली बसले.

मग मागून बेकरीवाली पुढे आली. प्रभुभोजनाची भाकर दर वेळी तीच भाजून देते. तिचं पहिलं बाळ नऊ दिवसांतच दगावलं होतं. पप्पांनी हॉस्पिटलात जाऊन त्याला बाप्तिस्मा दिला होता.

"माझ्या बाळाचा बाप्तिस्मा झाला की नाही?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "तेवढं सांगा. बाकीचं मला काही कळत नाही."

पप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पस्तीस वर्षांत कुठल्याही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. आता ते तिच्याकडे बघतही नव्हते.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "झाला," मी म्हटलं. "पाणी होतं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं ते घातलं गेलं. बाप्तिस्मा हा तो देणाऱ्या माणसाचा नसतो. तो मोडायला त्याचं पाप पुरेसं नाही. तुझ्या बाळाचा झाला."

"खाली बसा," शिंपीकाका म्हणाले. "इथे सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

बेकरीवाली त्यांच्याकडे वळली. "काका, तिला बोलू द्या. दुसरं कोण सांगतंय?"

पुढचे काही आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. लोक रस्त्यात थांबून आपापल्या लग्नाबद्दल विचारायचे. अकरा कुटुंबं पलीकडच्या बिशपच्या चर्चमध्ये गेली. आमच्याच माणसांपैकी काहींनी तिथे नव्यानं बाप्तिस्मा करून घेतल्याचं ऐकलं. स्मरणिका निघालीच नाही. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: झालेले बाप्तिस्मे ग्राह्य, लग्नं कोर्टातल्या नोंदीनं ग्राह्य, आणि पाळकांना हवं असल्यास तीन महिन्यांच्या आत साध्या विधीनं दीक्षा देता येईल. पप्पांनी दोन ओळींत नकार कळवला. आता डोक्यावर हात ठेवून घेतले तर ते फक्त आपली लाज झाकायला होईल, असं त्यांनी लिहिलं. चर्चमागच्या खोल्या सोडून ते आमच्याकडे राहायला आले. रविवारी तिसऱ्या रांगेत बसतात. दुसऱ्या गावचे पाळक पंधरा दिवसांनी येतात.

"तू पुन्हा अर्ज कर," एकदा जेवताना ते म्हणाले. "या वेळी मी तुझ्या बाजूनं बोलेन."

"तुम्ही बोलू नका," मी म्हटलं.

अर्ज मात्र केला. पंचकमिटीनं तो पाच विरुद्ध चार मतांनी पुढे पाठवला. शिंपीकाकांचं मत विरुद्ध पडलं, आणि ते त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. पुढचा निर्णय वरच्या सभेत आहे. तिथे दोघं पाळक आत्ताच म्हणतायत, की बाईला दीक्षा देणार असाल तर आम्ही उठून जाऊ. पप्पांवर माझा राग आहे. काही दिवस तो नसतो, मग त्यांचा चष्मा शोधून देताना एकदम येतो.

गेल्या आठवड्यात बेकरीवाली छापखान्यात आली. म्हणाली, त्या दिवशी बोललीस ते लिहून दे, घरात कोणी विचारलं तर दाखवायला असावं. मी कोऱ्या कागदावर लिहिलं आणि खाली सही केली.

"शिक्का लागतो का याला?"

"माझ्याकडे शिक्का नाही."

"असू दे," ती म्हणाली. तिनं तो कागद दोनदा वाचला, बाळाच्या नावाशी थोडी थांबली, आणि भट्टी पेटवायची वेळ झाली म्हणून निघून गेली.