हेव्याचा रंग लाल

हेव्याचा रंग लाल असतो, हे नांदगावजवळच्या आमच्या वाडीत अख्ख्या गर्दीसमोर सिद्ध झालं. प्रयोगाला लागलं एक ताट, हळदीचं पाणी आणि मूल नसलेली एक बाई.

सत्यवानाचं नऊ दिवसांचं बाळ सकाळपासून दूध ओढेना. अंग गार, रडणं मांजराच्या पिल्लासारखं. म्हणून भूतबाधा उतरवणाऱ्या गुरुदास घाडीला बोलावलं. पाचवीला बाळाच्या नाळेवर अंगारा त्यानेच चोळला होता, म्हणजे रुग्ण ओळखीचा.

अंगणातल्या खळ्यात बसताच त्याने बाळाच्या आईच्या थोरल्या जावेला, किशोरीला, फर्मावलं, "पान लाव गो माका." पान रंगल्यावर हळदपाण्याचं ताट पुढे ओढून गरजला, "ह्या घरात कोणाच्या तरी पोटात हेवो आसा! त्याचा बोट बुडला काय पाण्याचा रगात होतला!"

घरच्यांनी एकेक बोट बुडवलं. पाणी पिवळंच. किशोरीने बुडवलं आणि लाल रेघ पसरली.

"खाल्लंस गो माझ्या झिलाक!" बाळाची आई संचिता किंचाळली.

"जळतंय मी," किशोरी म्हणाली. "माझो पाळणो रिकामो, आणि तुझ्या बारशाची साडी पण मीच आणूची. जळतलंय नाय तर काय? पण माझ्या जळण्यान तां पोर तापाक होया होता, गार कित्याक पडला?"

मग ती आपल्या बोटाकडे बघत राहिली. पानाला चुना लावलेलं तेच बोट. तिने नवं हळदपाणी ओतून दुसऱ्या हाताचं बोट बुडवलं. पिवळं. चुन्याची डबी उघडली, घाडीचं बोट धरून माखलं आणि ताटात दाबलं. लालभडक.

"तुका कोणाचो हेवो रे, गुरुदासा?"

"डाक्टराचो!" मागून कोणीतरी ओरडलं.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. चुन्यानेही होतो. ज्याच्यावर ढकलायचं त्याच्याच हातचं पान गुरुदास खातो, हेही मग आठवलं.

"माका मगे गाळी घाला," किशोरी म्हणाली. "पयली गाडी काढा."

रुग्णालयात डॉ. अस्मितांनी ताटाची हकीकत ऐकली, नाळेवरची राख पाहिली. "रक्तात जंतू शिरलेत, बहुधा इथूनच. एवढ्या बाळाला ताप येतोच असं नाही, ते गारही पडतं. नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका. बाळाने दूध सोडलं की सरळ इथे आणा. वेळ ताटात बुडवू नका."

इंजेक्शनं लगेच सुरू झाली.

हेव्याने माणूस कडू होतो, रक्तात जंतू होत नाहीत. किशोरी अजून जळते. संचिता मुलाला कडेवर घेऊन आली की किशोरी तोंड फिरवते.

मुलाला दोन दात आलेत.