दम लागला होता

सभागृहाच्या रंगमंचामागे एक अरुंद खोली होती. नाटकाचे जुने पडदे, मोडका माइक आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या, एवढंच तिथे असायचं. त्या खुर्च्या उघडून कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ बसला होता आणि परवाची फायनल पुन्हा खेळत होता. पायांनी नव्हे, तोंडाने. बाहेर त्यांच्याच सत्काराला लोक जमत होते.

“बॉल रिंगवर फिरतोय, फिरतोय. मी म्हटलं, हा आता वरच बिऱ्हाड थाटतो,” आत्या म्हणाली. ती कुणाचीच आत्या नव्हती. बूट बांध, पाणी पी, केस वर घे, असं दिवसभर सगळ्यांच्या मागे लागायची, म्हणून आत्या.

“मी टाकलेला बॉल होता तो. त्याची काय बिशाद वर बसायची?” टाचणी म्हणाली. संघातली ही सगळ्यांत बुटकी आणि बोलायला सगळ्यांत टोचरी. शेवटची बास्केट तिची होती.

“अगं, तू डोळे मिटले होतेस!”

“मिटले नव्हते. घाम गेला होता डोळ्यांत.”

“दोन्ही डोळ्यांत? एकदम?”

हसण्याने खुर्च्या किरकिरल्या. कप्तान मात्र नुसती गालात हसली. दारातून वाकून यावं लागेल एवढी ती उंच, पण बहिणींमध्ये शेंडेफळ, म्हणून घरी तिला धाकटी म्हणत. आईने एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून “धाकटे, डबा विसरलीस!” अशी हाक मारली आणि त्या दिवसापासून संघालाही दुसरं नाव सुचलं नाही. आज ती गप्प होती, कारण ज्या बास्केटवर सगळ्या हसत होत्या ती तिच्या चुकीतून झाली होती.

ती चूक कळायची तर आधी बाईंबद्दल सांगायला हवं.

बाई कॉलेजात गाणं शिकवायच्या. सकाळच्या प्रार्थनेचा गट त्यांचा. मुलींचा संघ कुणालाच नको होता म्हणून तो त्यांच्या पदरात टाकला. मुलांचा संघ कोर्टच्या कडेने जाताना ओरडायचा, “गाण्याच्या बाईंच्या पोरी आल्या, सूर लावा रे!” पहिल्याच दिवशी बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, “पोरींनो, मला बॉलमधलं ओ की ठो कळत नाही. नियम पाठ करून आले आहे. पण श्वासातलं कळतं. तिथून सुरुवात करू.”

प्रार्थनेच्या गटात त्यांचा एक दंडक होता. प्रार्थना देवाच्या दारापर्यंत सलग गेली पाहिजे, मध्येच तुटली तर वाटेत राहते. पण गाणारी शेवटी माणसं, श्वास तर लागणारच. मग सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीने घ्यायचा, तेवढा वेळ शेजारणींनी तिचा सूर धरायचा. मग दुसरीने. ऐकणाऱ्याला वाटतं, हे गाणं दमतच नाही. देवाने एकट्याला पुरेल एवढा श्वास कुणालाच दिलेला नाही, असं बाई म्हणत. आणि ही त्याची कंजुषी नव्हे बरं का, त्याची युक्ती आहे, असंही म्हणत.

हेच त्यांनी कोर्टवर आणलं. संघात मुली थोड्या, बदली खेळाडू म्हणाल तर एकच, तिचाही घोटा सुजलेला. तेव्हा पाच जणींनीच सगळा सामना ओढायचा. जिला दम लागेल तिने न लाजता “घेते” म्हणायचं, म्हणजे श्वास घेते. म्हटलं की शेजारणीने धावून तिची जागा सांभाळायची. दोन खोल श्वास झाले की ती परत हजर. नियम एकच, बॉल हातात असताना “घेते” म्हणायचं नाही. सूर तुझ्यावर आहे तोवर तू धर.

फायनलला शेवटच्या क्षणी संघ एका गुणाने मागे होता. बॉल धाकटीच्या हातात, रिंग समोर. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “घेते!”

समोरच्या संघाला वाटलं, ही आता बास्केट घेते. तिथल्या दोघी एकदम तिच्या अंगावर उसळल्या. टाचणीने तेवढं ऐकलं आणि सवयीने सुटली. बॉल कुठे आहे, किती वेळ उरला आहे, काही पाहिलं नाही. हाक आली, जागा धरायची. धाकटीने उसळलेल्या हातांखालून बॉल तिच्या ओंजळीत दिला, बहिणीच्या हातात पिशवी द्यावी तसा. टाचणी मोकळीच होती. तिने टाकला. पुढचं बिऱ्हाडाचं आत्याने सांगितलंच आहे.

“काय खुशीत आहे मंडळ!” दार उघडून सर आत आले. हे मुलांच्या संघाचे प्रशिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात पेपर. बाकावर प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक असलाच पाहिजे असा स्पर्धेचा नियम, म्हणून फायनलला बाईंच्या शेजारी सर बसले होते. “वाचलंत का? ‘फसव्या हाकेने चषक जिंकला!’ वार्ताहराला मीच सांगितलं, ही घोटून घेतलेली चाल आहे म्हणून.”

“कुणी घोटली, सर?” टाचणीने विचारलं.

“‘आम्ही’ घोटली म्हणायचं. आम्ही शब्दात सगळे येतात.”

“सरावाला न आलेलेसुद्धा?”

सरांनी ते कानाआड केलं. “आणखी एक आनंदाची बातमी. पुढच्या वर्षापासून तुम्ही माझ्याकडे. प्राचार्य आज जाहीर करणार आहेत.”



“आणि बाई?” धाकटीने विचारलं.

“बाईंनी स्वतःहून सोडलंय. त्यांनाही कळतं गं. इथवर ठीक होतं, आता खरा खेळ.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि तू नीट ऐक. राज्य संघाच्या निवड समितीचे गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेत. तुझी उंची त्यांनी पाहिली आहे, आता डोकंही दिसलंय. दोन शब्द बोलायला बोलावतील तेव्हा चालीचं बोल. दम लागला-बिगला काढू नकोस. दमणारी पोर कुणी घेत नाही.”

सरांमागे दार लागलं. आत्या म्हणाली, “बाईंनी सोडलं म्हणजे सोडलं. त्यांना नकोशा झालो आपण. मग आपण कशाला डोकं आपटून घ्यायचं?”

“नकोशा झालो तर तोंडावर म्हणाल्या असत्या,” टाचणी म्हणाली. “ज्या बाई माझ्या बेसूरपणाला बेसूर म्हणतात, त्या हे चोरून सांगतील?”

“तू काय बोलणार आहेस?” आत्याने धाकटीला विचारलं.

“माहीत नाही.”

खरंच तिला माहीत नव्हतं. राज्य संघाचं तिच्या मनात शाळेपासून होतं. बाहेर आई बसली होती, शिवणाचं दुकान बंद करून, गल्लीतल्या सगळ्यांना सांगून. आणि ‘चाल होती’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण चाल म्हटली की ती सरांची झाली, आणि चाल सरांची म्हणजे संघही सरांचा. बाईंचं मग काय उरलं? सकाळची प्रार्थना.

नावं पुकारली गेली. रंगमंचावर प्राचार्य, सर आणि पाहुणे होते. बाईंना वर खुर्ची नव्हती. त्या मागच्या दाराशी, शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. हार झाले, टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी कप्तानाला माइक दिला. धाकटीने तो आपल्या उंचीला वर ओढला, तसा तो कुईं करून केकाटला आणि सगळे हसले.

“पेपरात आलंय की ती चाल होती,” ती म्हणाली. “नव्हती. मला दम लागला होता.”

पुन्हा हसू उठलं. हे विनोदाने चाललंय असं लोकांना वाटलं. ती थांबली. हसू विरलं.

“बॉल हातात असताना आम्ही ‘घेते’ म्हणत नाही. मी म्हटलं. छातीत काही उरलंच नव्हतं. हो, दम लागला होता. मग? मला त्याची लाज नाही. मी म्हटलं आणि ही धावली.” तिने टाचणीच्या खांद्यावर हात ठेवला. “कप्तान असून कशी दमलीस, असं तिने विचारलं नाही. समोर माझ्यापेक्षा ताकदवान मुली होत्या, पण त्यांच्यातली एकही सबंध सामन्यात दमले म्हणाली नाही. आम्ही म्हणत होतो. हे आम्हाला बाईंनी शिकवलंय. बाई त्या तिकडे दाराशी बसल्या आहेत. सर बाकावर होते, कारण नियमाने लागतात. ते फोनवर होते.”

सर खाली वाकून माइकची वायर तपासू लागले.

“बरं, बरं, भावना पोचल्या,” प्राचार्य घाईने पुढे आले. “पुढील वर्षी हाच संघ सरांच्या—”

“आम्ही येणार नाही,” धाकटी म्हणाली. माइक तिने सोडला नव्हता.

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी,” टाचणी म्हणाली. “मी पण,” सुजलेल्या घोट्याची म्हणाली. एकेक करून सगळ्या पुढे सरकल्या. सगळ्यांत शेवटी आत्या. “आणि मी. आणि तिच्यावर आवाज चढवू नका, प्राचार्य, ती धाकटी आहे.”

“मग संघच राहणार नाही!”

“नाही तर नाही. चषक कपाटात ठेवा,” टाचणी म्हणाली. “धूळ पुसायला सर आहेतच.”

“एक मिनिट.” बाई उठल्या होत्या. त्यांना माइक लागायचा नाही. प्रार्थनेत कमावलेला आवाज, शेवटच्या रांगेतून सरळ रंगमंचावर गेला. “मला असं सांगण्यात आलं की पोरींनाच सर हवे आहेत, माझ्या तोंडावर बोलायला लाजतात. मी म्हटलं, पोरींचं भलं होत असेल तर आड येणारी मी कोण? मला हे कुणी सांगितलं, ते मी चारचौघांत बोलणार नाही.”

सगळं सभागृह सरांकडे पाहू लागलं. वायर अजून तपासून व्हायची होती.

“पण आता पोरींचं त्यांच्याच तोंडून ऐकलं,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मी काही सोडत नाही.”

“अहो बाई, पण जाहीर करायचं ठरलंय…”

“अजून केलं नाहीत ना? नका करू.”

पहिली टाळी धाकटीच्या आईची होती. मग टाळ्या थांबेनात. प्राचार्य शहाणे होते, टाळ्यांच्या विरुद्ध बोलायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी सरळ आभारप्रदर्शनाला हात घातला.

चहाच्या टेबलाशी निवड समितीचे गृहस्थ धाकटीजवळ आले. माणूस सभ्य होता. “खेळ चांगला आहे तुझा. पण मोठ्या संघात दम टिकवणारी लागते.”

“मग हिला घ्या. माझ्या वाटचंही हीच धावली.”

त्यांनी टाचणीकडे पाहिलं, म्हणजे बरंच खाली पाहिलं. “उंची…”

“रिंग वर असते, काका,” टाचणी म्हणाली. “बॉल खालूनच टाकतात.”

“बघू,” असं म्हणून ते बिस्किटांकडे वळले. ते हसले की नाही, ते पाठमोरे असल्यामुळे कळलं नाही.

“माझी वकिली करायला कुणी सांगितलं होतं तुला?” टाचणी धाकटीवर घसरली. “आधी स्वतःची तरी करायची!”

तेवढ्यात बाई गर्दीतून वाट काढत आल्या. मुलींना वाटलं, आता जवळ घेतील. बाईंचा चेहरा मात्र तापलेला होता.

“आधी मला सांगा, मी सोडते म्हटल्याचं कळलं तेव्हा एक तरी माझ्याकडे आली का विचारायला?”

“कळून अर्धा तास नाही झाला, बाई,” आत्या पुटपुटली.

“आणि तुम्ही आम्हाला विचारलंत?” धाकटी म्हणाली. बाईंना असं कुणी कधी बोललं नव्हतं. “कुणीतरी येऊन सांगितलं आणि तुम्ही खरं मानलंत. आम्ही सगळं तुम्हाला सांगतो, आणि हे तेवढं लपवू, असं वाटलंच कसं तुम्हाला?”

बाईंनी पर्सचा पट्टा नीट केला. डोळे पुसले नाहीत, पण पुसल्यासारखा हात वर नेऊन खाली आणला.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “देव मला क्षमा करेल, तुमचं तुम्ही बघा.”

“केली,” टाचणी म्हणाली. “फिटलं.”

“काही फिटलेलं नाही. शेवटच्या मिनिटाला छातीत काही उरत नाही, हे हिने सगळ्या गावाला सांगितलं. मला कधी सांगणार होतीस गं? उद्या सकाळी कोर्टवर ये. पळायचंय.”

“किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत. माझी बाजू घेतलीस म्हणून सूट मिळणार नाही.”

धाकटीने चषक काखेत मारला. आई दाराशी थांबली होती, तिच्याकडे निघाली. आत्या मागोमाग. आत्याला राहवलं नाही.

“अगं, पण राज्य संघाने खरंच घेतलं नाही तर?”

“तर पुढच्या वर्षी त्यांची गाठ आपल्याशी आहे,” धाकटी म्हणाली, आणि दारातून बाहेर पडताना सवयीप्रमाणे वाकली नाही. दार तेवढं उंच होतं.