बाई, चुकलं!

माझ्या वर्गात बाईची चूक पकडणाऱ्याला बाईच्या खुर्चीवर बसायला मिळतं. थेट घंटा होईपर्यंत. मी फळ्यावर मुद्दाम सात आणि आठ चौदा असं लिहायचे आणि पाठ फिरवून साळसूदपणे हजेरी भरायला लागायचे. मग मागून एकच कल्ला, "बाई, चुकलं! बाई, चुकलं!" आमचे मुख्याध्यापक हेमराज सर दारातून डोकावायचे. "मेहरुन्निसा मॅडम, आते ती पोरं तुमना डोकावर बसतीन."

"बसू द्या," मी म्हणायचे. "गणिताच्या तासाला हसताहेत ना? मग झालं तर."

गेल्या वर्षापर्यंत कुठली हसत होती! गणिताचं पुस्तक काढलं की माना खाली. नवापूरच्या डोंगरातली ही मुलं, घरी मावची बोलतात आणि घरातली सगळी मोजदाद विसांनी करतात. आंबे असोत, कोंबड्या असोत, पाव्हणे असोत. दोन विसी पाच म्हणजे पंचेचाळीस. आणि मी शहाणी रोज खांडबाऱ्याहून येऊन त्यांच्या डोक्यावर एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर आपटत होते. शेवटी खिचडी शिजवणारी शांतीबाई मला म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यासारखं मोजून बघा की एकदा." बघितलं. आधी विसीत मोजायचं, मग मराठीत म्हणायचं, मग लिहायचं. काय सांगू, महिन्याभरात वर्गाचा नूरच पालटला.

त्यात एस्तेर सगळ्यांच्या पुढे. चौथीतली, किडकिडीत, कडेवर सदा धाकटा भाऊ. माझ्या खुर्चीची तिला इतकी सवय झाली की मी चूक करायला खडू उचलला की ही आधीच उठून उभी. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, कौतुकाचाच राग. "अगं भवाने, लिहू तर दे मला!"

तिचे आईवडील, रिबेका आणि इमॅन्युएल, दिवाळी झाली की गुजरातला ऊसतोडीला जातात. मागची दोन वर्षं एस्तेरही गेली, धाकट्याला सांभाळायला. परत यायची ती सगळं विसरून, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून. यंदा मात्र तालुक्याला गणिताचा निवासी वर्ग निघाला, राहणं-जेवणं तिथंच, परीक्षा घेऊन मुलं निवडायची. मी इमॅन्युएलच्या अंगणात जाऊन बसले. तो म्हणाला, "बाई, निवड झाली तर ठेवतो. धाकट्याला माझी बहीण बघेल. नाही झाली तर पोर आमच्याबरोबर."

"होणारच," मी म्हटलं. छातीठोक म्हटलं.

परीक्षा आमच्याच शाळेत झाली, ऊसतोडीला नेणारा ट्रक यायच्या आधीच्या शुक्रवारी. परीक्षा घ्यायला आलेले साहेब तरुण, सभ्य, हातात टॅब. प्रश्न पाच, आणि पाचही बरोबर आले तरच निवड. पहिले चार एस्तेरनं असे सोडवले की साहेबांनी टॅबवरून मान वर केली. मी लांब खिडकीशी उभी, ओढणीचं टोक चावत. पाचवी संख्या ऐकून लिहायची होती. साहेब म्हणाले, "एकोणऐंशी."

एस्तेरची पेन्सिल जराशी हलली आणि थांबली. नेमकं हेच यायचं होतं! आणि साहेब खरंच चांगला माणूस. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मुलांच्या घरच्या बोलीत एकदा सांगायची मुभा आहे. सांगा तिला."

आता बघा माझी अक्कल. ऐंशी म्हणजे चार विसी, हे डोक्यात आलं. त्यातून एक कमी, म्हणजे वर उरतात एकोणीस, हेही आलं. पण घाई इतकी झाली की तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"एस्तेर, चार विसी एकोणीस."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मग कागदावर खोडरबर फिरवला आणि लिहिलं. साहेबांनी वाकून पाहिलं, नव्याण्णव, आणि टॅबवर बोट टेकवलं. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. तीन विसी! या अल्ला, तीन विसी एकोणीस!

"साहेब, थांबा! मी चुकले. चूक माझी आहे, पोरीची नाही."

"मॅडम, उत्तर गेलं. यात मागे जाता येत नाही."

"अहो, पण मीच चुकीचं सांगितलं ना!"

त्यांनी माझ्यासमोर तीन-चारदा बोट दाबून दाखवलं. पान काही मागे सरकेना. त्यांनी वर फोनही लावून पाहिला. "मलाही वाईट वाटतंय," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. भांडायचं तरी कुणाशी?

ते गेल्यावर हेमराज सर जवळ आले. "बठ्ठासनं चुकस, मॅडम, सगळ्यांचंच चुकतं. रडू नका."

शनिवारी मी इमॅन्युएलकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो चिडेल म्हणून तयारीनं गेले होते. चिडला असता तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ द्या बाई," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, माझ्या घरी ठेवते तिला, रोज माझ्याबरोबर शाळेत येईल. त्यानं मान हलवली. "इतके महिने पोर दुसऱ्याच्या दारात ठेवायची नसते, बाई." रिबेकानं चहा दिला. तो प्यायले आणि घरी आले.

सोमवारी सकाळी ट्रक आला. एस्तेर भावाला घेऊन वर फळीला टेकून उभी होती. मी खालून म्हटलं, "एस्तेर, मी चुकले गं. चार नाही, तीन विसी म्हणायचं होतं."

"माहीत होतं, बाई."

"काय माहीत होतं?"

"मी सात लिहिला होता. मग तुम्ही चार विसी म्हणालात."

"अगं, मग ओरडायचं ना! रोज ओरडतेस, त्याच दिवशी तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" मी खरंच चिडले. ट्रकमधली माणसं वाकून बघायला लागली.

एस्तेरनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिथं साहेब होते ना, बाई. त्यांच्यासमोर कसं म्हणू, बाई चुकल्या?"

ट्रक निघाला. त्या दिवशी घंटा होईपर्यंत मी वर्गात उभीच होते.